शाळा-क्षेत्र म्हणजे काय? टेक्सासमधील सार्वजनिक शाळांची घडण



अनुवादकाला व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रूढ नाही. त्याचे नाव आतल्या पानावर बारीक टायपात छापले जाते आणि बहुधा तो तेवढ्यावर समाधानी असतो. अमेरिकेतील शालेय व्यवस्थेविषयीच्या एका पुस्तकाचा अनुवाद माझ्या हातून झाला, म्हणून आज आपण मला येथे उभे केले आहे. मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही; मराठी हा माझा विषय. तेव्हा ज्या शब्दांनी मला अडवले, त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत आणि प्रत्येकाची शालेय व्यवस्था निराळी आहे. त्या सर्वांचा पसारा एका भाषणात मावणारा नाही. म्हणून टेक्सास या एकाच राज्यापुरते मी बोलणार आहे.

पहिला शब्द ‘पब्लिक स्कूल’. आपल्या देशात कोणत्याही शहरात ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी दिसली, की तेथे भरभक्कम फी आहे, प्रवेशाला रांग आहे आणि दाराशी पहारेकरी आहे, असे समजून चालावे. ही इंग्लंडमधून आलेली परंपरा. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ नेमका उलटा होतो. तेथील पब्लिक स्कूल जनतेच्या करातून चालते, त्यात शिकण्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही आणि त्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला ते दार उघडे ठेवावे लागते. म्हणून मी ‘सार्वजनिक शाळा’ असा शब्द योजला.

दुसऱ्या शब्दाने मात्र माझी फजिती केली. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ याला मी पहिल्या खर्ड्यात बिनदिक्कत ‘शालेय जिल्हा’ असे लिहून मोकळा झालो होतो. तो खर्डा मी एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांना वाचायला दिला. त्यांची सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली होती. चार दिवसांनी त्यांनी कागद परत केले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “अहो, सहा शाळांचा जिल्हा कसला? आमच्या एका केंद्रात याहून जास्त शाळा होत्या.”

गुरुजींचे म्हणणे रास्त होते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा आणि जिल्हा यांची सांगड आपल्या मनात पक्की बसली आहे. जिल्हा म्हटले की कलेक्टर कचेरी आली, तालुके आले, शेकडो गावे आली. टेक्सासमधील ‘डिस्ट्रिक्ट’ला यांपैकी काहीच नाही. शाळा चालविण्यासाठी आणि शाळांसाठीच कर बसविण्यासाठी आखलेला तो भूभाग असतो. त्याची हद्द नगराच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. कौंटीच्या, म्हणजे तेथील महसुली विभागाच्या हद्दीशीही जुळेलच असे नाही. सॅन अँटोनिओ या एका शहराच्या हद्दीत अशी डझनाहून अधिक क्षेत्रे येतात. रस्त्याच्या या बाजूचे मूल एका क्षेत्रात आणि त्या बाजूचे दुसऱ्या क्षेत्रात, असे सहज घडते. मी ‘जिल्हा’ खोडला आणि ‘शाळा-क्षेत्र’ लिहिले.

तिसरा शब्द ‘इंडिपेंडंट’. टेक्सासमधील बहुतेक साऱ्या शाळा-क्षेत्रांच्या नावात तो असतो. स्वतंत्र, पण कोणापासून? तर नगरपालिकेपासून आणि कौंटीपासून. शहराच्या महापौराला तेथे शाळेतील शिपाईसुद्धा नेमता येत नाही. नगरपालिकेच्या अधिपत्याखालील शाळा-क्षेत्र आज त्या राज्यात एकच उरले आहे, ते स्टॅफर्ड या गावचे. ‘स्वतंत्र’ म्हणजे राज्य सरकारपासून स्वतंत्र, असा मात्र याचा अर्थ नाही. या बाबतीत पुष्कळ वाचकांची गल्लत होते आणि माझीही झाली होती.

आता या व्यवस्थेचा सांगाडा पाहू. टेक्सासमध्ये आज एक हजाराहून अधिक शाळा-क्षेत्रे आहेत आणि राज्यातील सार्वजनिक शाळांत सुमारे ५५ लाख मुले शिकतात. प्रत्येक क्षेत्राचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले विश्वस्त मंडळ पाहते. बहुतेक ठिकाणी सात विश्वस्त असतात, काही मोठ्या क्षेत्रांत नऊ. त्यांना वेतन मिळत नाही. गावातला दुकानदार, निवृत्त परिचारिका, वकील, एखादी गृहिणी अशी माणसे निवडून येतात आणि आपापला व्यवसाय सांभाळून अंदाजपत्रक मंजूर करतात, कराचा दर ठरवतात, धोरण आखतात. रोजचा कारभार पाहण्यासाठी ते एक अधीक्षक करारावर नेमतात. अधीक्षकाच्या हाताखाली मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापकांच्या हाताखाली शिक्षक, अशी ही उतरंड आहे. आपल्याकडील शिक्षणाधिकारी वरून बदलून येतो. तेथील अधीक्षकाला खाली बसलेले सात जण नेमतात आणि तेच काढूनही टाकतात.

राज्य पातळीवर दोन संस्था आहेत. एक, राज्य शिक्षण मंडळ. त्याचे १५ सदस्य निरनिराळ्या मतदारसंघांतून निवडून येतात आणि कोणत्या इयत्तेत काय शिकवावे याची चौकट ठरवितात. दुसरी, टेक्सास शिक्षण अभिकरण. हे प्रशासकीय खाते असून त्याच्या आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात. तेथील राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला शासनप्रमुख असतो, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. राज्य आणि शाळा-क्षेत्रे यांच्या मधोमध २० विभागीय सेवा केंद्रे आहेत. शिक्षकांचे प्रशिक्षण, लहान क्षेत्रांना तांत्रिक साह्य अशी कामे ती करतात. त्यांना कर बसविण्याचा अधिकार नाही.

ही घडी एका दिवसात बसली नाही. टेक्सास हे काही वर्षे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८३९ साली त्या प्रजासत्ताकाने प्रत्येक कौंटीला शाळांसाठी जमीन तोडून दिली. अमेरिकेत सामील झाल्यानंतर सीमेच्या तंटा-तडजोडीत राज्याला जी रक्कम मिळाली, तिच्यातील २० लाख डॉलर बाजूला काढून १८५४ मध्ये शाळांसाठी कायम निधी उभारण्यात आला. १८७६ च्या राज्यघटनेने उरलेल्या सार्वजनिक जमिनींचा अर्धा भाग या निधीला जोडला. पुढे त्या जमिनींतून तेल आणि वायू निघू लागला आणि त्याचे स्वामित्वधन निधीत येऊ लागले. परंतु शाळांची संख्या अफाट, आणि क्षेत्रेही अफाट. काही क्षेत्रे तर एका खोलीच्या शाळेपुरती होती. १९४९ साली गिल्मर-एकिन या नावाने ओळखले जाणारे कायदे झाले. त्यांनी सुमारे साडेचार हजार क्षेत्रांचे एकत्रीकरण करून ती २,९०० च्या आसपास आणली, शिक्षणासाठी राज्याचे खाते स्थापन केले आणि प्रत्येक क्षेत्राला किमान खर्चापुरते साह्य राज्याने द्यावे अशी तरतूद केली.

येथवरचे वर्णन ऐकून कोणालाही वाटेल, की व्यवस्था उत्तम आहे. लोकांची शाळा, लोकांचे मंडळ, लोकांचाच कर. मलाही अनुवाद करताना अर्ध्या पुस्तकापर्यंत तसेच वाटत होते. मग पैशाचे प्रकरण आले.

शाळा-क्षेत्राचे स्थानिक उत्पन्न मालमत्ता करातून येते. टेक्सासमध्ये राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नाही. त्यामुळे घरे, दुकाने, कारखाने, तेलविहिरी यांच्या किमतीवरच शाळांचा मोठा भार पडतो. ज्या क्षेत्रात मालमत्ता मोलाची, तेथे थोडा कर लावला तरी पुष्कळ पैसा जमतो. ज्या क्षेत्रात झोपडीवजा घरे, तेथे कितीही कर लावला तरी हाती थोडेच लागते. हे तत्त्व म्हणून सांगितले तर कोरडे वाटेल. म्हणून एका शहरातील दोन क्षेत्रांचे आकडे सांगतो. ते १९६७-६८ या शालेय वर्षातील असून न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहेत.

सॅन अँटोनिओच्या गाभ्यातील एजवुड क्षेत्रात २५ शाळा आणि सुमारे २२,००० मुले होती. त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक मुले मेक्सिकन वंशाची होती. दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची. एजवुडच्या लोकांनी दर १०० डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट इतका कर स्वतःवर बसवून घेतला होता. त्या नागरी परिसरात तो सर्वांत जास्त होता. त्यातून स्थानिक वाटा म्हणून दर विद्यार्थ्यामागे मिळाले २६ डॉलर. त्याच शहराच्या परिसरातील अलामो हाइट्स हे दुसरे क्षेत्र. गुरुजींनी बोट ठेवले होते ते हेच, सहा शाळांचे. तेथे दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक. कराचा दर ८५ सेंट, म्हणजे एजवुडपेक्षा कमी. स्थानिक वाटा मात्र ३३३ डॉलर.

राज्याच्या साह्याने हे अंतर भरून निघायला हवे होते. राज्याने एजवुडला दर विद्यार्थ्यामागे २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सला २२५. श्रीमंताला तीन डॉलर जास्तच! केंद्र सरकारचे साह्य एजवुडला १०८ आणि अलामो हाइट्सला ३६. सर्व मिळून बेरीज केली तर एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४. ज्यांनी अधिक दराने कर भरला त्यांच्या मुलांना कमी मिळाले.

मे १९६८ मध्ये एजवुड हायस्कूलच्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडून मोर्चा काढला. पात्र शिक्षक द्या, मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त करा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यानंतर काही पालकांनी न्यायालयाची पायरी चढली. त्यांत अग्रभागी होते दिमेत्रिओ रॉड्रिग्ज. ते विमानदलाच्या तळावर पत्राकाम करीत. पूर्वी सैन्यात नोकरी केलेली. त्यांची मुले एजवुडच्या प्राथमिक शाळेत जात होती.

१९७१ च्या डिसेंबरात तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिले. ते स्वतः पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, आणि शाळा स्थानिक लोकांच्या हाती असाव्यात यावर त्यांचा विश्वास होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क सांगितलेला नाही, स्थानिक नियंत्रण हा राज्याचा वाजवी हेतू आहे आणि करपद्धती सुधारणे हे विधिमंडळांचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. विरोधी मत नोंदविणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. १९५४ साली ज्या खटल्याने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, त्यात वकील म्हणून उभे राहिलेले हेच मार्शल. शिक्षणात समान संधी देण्याच्या वचनापासून न्यायालय मागे सरत आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

भारतीय वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. आपल्या संविधानात २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमेरिकेसारख्या संपन्न देशाच्या राज्यघटनेत मात्र असा हक्क लिहिलेला नाही. ही तुलना मी अभिमानाने मिरवण्यासाठी करीत नाही. कागदावरचा हक्क आणि वर्गातला फळा यांच्यात किती अंतर असते, हे या सभागृहातील कोणालाही सांगण्याची गरज नाही.

संघीय दार बंद झाले, तरी राज्याचे दार उघडे होते. टेक्सासच्या राज्यघटनेत सार्वजनिक शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था राखणे हे विधिमंडळाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. १९८४ साली एजवुडने आणि इतर क्षेत्रांनी त्याच शब्दाचा आधार घेऊन राज्याच्या न्यायालयात दावा लावला. तोवर अंतर आणखी वाढले होते. राज्यातील सर्वांत श्रीमंत क्षेत्रात दर विद्यार्थ्यामागे एक कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक मालमत्ता होती आणि सर्वांत गरीब क्षेत्रात सुमारे २०,००० डॉलरची. प्रमाण ७०० ला १. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. समान दराने कर भरणाऱ्या क्षेत्रांना दर विद्यार्थ्यामागे साधारण समान पैसा मिळाला पाहिजे, हे त्या निकालाचे सार.

‘कार्यक्षम’ हे साधेसे विशेषण. एरवी अनुवादकाने ते नजरेआड केले असते तरी कोणाच्या ध्यानात आले नसते. त्याच विशेषणावर एका राज्यातील लक्षावधी मुलांचा हक्क टेकला होता.

निकाल लागला म्हणून प्रश्न सुटला नाही. विधिमंडळाने केलेले पुढचे प्रयत्न १९९१ आणि १९९२ मध्ये न्यायालयात टिकले नाहीत. मे १९९३ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. अखेर त्याच महिन्यात जो कायदा झाला, त्याने ठरीव मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता असलेल्या क्षेत्रांपुढे पाच पर्याय ठेवले: दुसऱ्या क्षेत्रात विलीन व्हा, काही भूभाग तोडून द्या, करपाया एकत्र करा, दुसऱ्या क्षेत्रातील मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचला, किंवा राज्याला पैसे भरा. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड योजना’ असे नाव दिले. श्रीमंतांचे लुटून गरिबांना वाटणारा इंग्रजी लोककथांतला हा नायक. नाव देणाऱ्यांच्या मनात कौतुक होते तसा उपरोधही होता. जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. १९६८ साली पाटी घेऊन शाळेत जाणारी मुले एव्हाना स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली होती.

या उपायातूनही नवे पेच निघाले. कायदा पाहतो तो मालमत्तेची किंमत. मुलाचे घर पाहत नाही. ह्यूस्टन हे राज्यातील सर्वांत मोठे शाळा-क्षेत्र. तेथील बहुसंख्य मुले गरीब कुटुंबांतील. परंतु शहरात उंच इमारती आणि व्यापारी पेढ्या भरपूर, म्हणून कायद्याच्या हिशेबात ते ‘श्रीमंत’ ठरले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथील मतदारांनी राज्याला पैसे भरण्यास नकार दिला. नकार दिला तर व्यापारी मालमत्ता तोडून दुसऱ्या क्षेत्रांना जोडली जाईल, हे पाहून मे २०१७ मध्ये त्यांनीच होकार दिला. शिवाय राज्याचे अनुदान पटावरील संख्येवर मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळते. ज्या वस्तीत मुले आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने गैरहजर राहतात, त्या वस्तीच्या शाळेचे उत्पन्नही घटते. मे २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेतील दोष मान्य केले. तरीही ती घटनेच्या किमान अपेक्षेला उतरते, असा निर्वाळा दिला.

‘स्वतंत्र’ या शब्दाची मर्यादा तर जून २०२३ मध्ये उघड झाली. ह्यूस्टनच्या निवडून आलेल्या विश्वस्त मंडळाचे अधिकार काढून घेऊन राज्याच्या आयुक्तांनी आपले व्यवस्थापक मंडळ आणि आपला अधीक्षक तेथे बसविला. शाळांची गुणवत्ता घसरली होती, हे राज्याचे कारण. आमचे मत हिरावले, हे अनेक पालकांचे गाऱ्हाणे. दोन्ही बाजू मांडताना तोल राखणे मला जड गेले, हे कबूल करतो. शाळा-क्षेत्र ही राज्याची निर्मिती आहे. जे राज्याने दिले ते राज्य परत घेऊ शकते. आणि मे २०२५ मध्ये खासगी शाळांच्या शुल्कासाठी कुटुंबांना राज्याचा पैसा देणाऱ्या कायद्यावर टेक्सासच्या राज्यपालांनी सही केली. सार्वजनिक शाळांतून मुले आणि पैसा दोन्ही ओसरतील, अशी भीती अनेक क्षेत्रांना वाटते. पालकांना निवड करता आली पाहिजे, असे कायद्याचे समर्थक म्हणतात.

मित्रहो, हे पुस्तक आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत येईल. ते आसाममधील, केरळमधील वाचकाच्याही हाती त्याच्या त्याच्या भाषेतून पडावे, अशी योजना आहे. आपल्या देशात प्राथमिक शिक्षकाचा पगार गावाच्या घरपट्टीवर ठरत नाही. तो मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यामुळे टेक्सासचा रोग जसाच्या तसा आपल्याला जडलेला नाही. परंतु शाळा आपली म्हणून ती सांभाळणारे, तिचा हिशेब विचारणारे, निवडून आलेले सात शेजारीही आपल्याकडे सहसा नसतात. त्यांच्याकडे गावाचा हात शाळेवर आहे. त्या हातात किती पैसा असावा हे मात्र घरांच्या किमती ठरवितात. आपल्याकडे पैसा वरून येतो. तो कसा खर्च झाला हे गावाला पुष्कळदा कळत नाही. या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणे टेक्सासला दीडशे वर्षांत जमलेले नाही. आपल्यालाही ते अजून साधायचे आहे.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत मी गुरुजींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा चढवून ते पान काढले, ‘शाळा-क्षेत्र’ हा शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, “आता बरोबर आहे. पण त्या २६ डॉलरवाल्या पोरांचं पुढे काय झालं, ते शेवटच्या प्रकरणात आहे ना?”

आहे, असे मी त्यांना सांगितले. आपणही तेथवर वाचावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.